आजीच्या नळीबद्दल आणि पुढच्या दिवसांबद्दल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आजीला अन्न देण्यासाठी नाकातून नळी घालायची का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर घाईत बोलण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. माझं मत स्पष्ट आहे: घालू नका.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, शेवटच्या टप्प्यात आला की गिळण्याची क्रियाच बिघडते. घास गालात तसाच राहतो, पाण्याने ठसका लागतो, भूक मंदावते. जेवत नाही म्हणून आजी खंगतेय असं बघणाऱ्याला वाटतं, पण आजार इथवर आलाय म्हणून तिचं जेवण सुटतंय. नळीने या टप्प्यावर आयुष्य वाढत नाही आणि न्यूमोनियाही टळत नाही, कारण तोंडातली लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न फुप्फुसात जायचं ते जातंच. नळी टोचते, माणूस ती उपसतो, मग हात बांधायची वेळ येते. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धोपचार तज्ज्ञांच्या संस्थेचाही सल्ला हाच आहे की अशा रुग्णांना नळीऐवजी हाताने, सावकाश भरवावं. बाबा, तुमची धास्ती मला कळते: काका आणि आत्या 'आईला उपाशी ठेवलं' म्हणतील. त्यांना हे कारण आत्ताच, सगळे शांत असताना सांगा. रात्री अडीचला दवाखान्याच्या दारात ते कुणालाच पटत नाही.

आई, भरवताना तू उभी राहू नकोस. तू उभी असलीस की आजी मान वर करते आणि घास श्वासनलिकेकडे जायचा धोका वाढतो. तिच्या डोळ्यांच्या पातळीला स्टुलावर बस. तिची पाठ उशा लावून ताठ ठेव, हनुवटी किंचित खाली. अर्धा छोटा चमचा दे आणि कंठ वर जाऊन खाली येईपर्यंत पुढचा देऊ नकोस. गिळल्यावर आवाज घरघरला, ओला वाटला, तर तिथेच थांब. झोपेत, ग्लानीत असेल तर अजिबात नको. नंतर अर्धा तास तशीच बसती ठेव.

पातळ वरणात कालवलेला भात फसवतो: पातळ भाग आधी घशात उतरतो, शितं मागे राहतात. सगळं एकजीव आणि दाट हवं. चहा, ताक, नारळपाणी सगळ्यात धोक्याचं. मेडिकलमध्ये पातळ पदार्थ दाट करणारी थिकनर पावडर मिळते, नाहीतर नाचणीची पेज दाट शिजव. पोहे, साबुदाणा, पेढा बंद. आणि द्राक्षं! आपल्याकडे हंगामात येणारा प्रत्येक जण पेटी घेऊन येतो आणि एखादं आजीच्या तोंडात घालतो. अख्खं द्राक्ष गोल आणि गुळगुळीत, श्वासाची वाट पूर्ण बंद करतं. पाहुण्यांना दारातच सांग. चार चमचे गेले तर चार, नाही गेले तर ओठ ओले कर, व्हॅसलिन लाव, ओल्या मऊ कापसाने तोंड पूस. या दिवसांत कोरडं तोंड भुकेपेक्षा जास्त छळतं.

दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन थोडं कललेलं पुरे. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी द्या. सरकवताना ओढू नका, ओढल्याने कातडी सोलवटते. जुनी सुती साडी चौघडी करून तिच्या पाठीखाली घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी उचला. माकडहाड, टाचा, घोटे, कान रोज बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडला नाही तर जखम सुरू झाली असं समजा. तो चोळू नका. मधे भोक असलेली रबरी रिंग मुळीच नको, कडेने दाब पडून रक्तपुरवठा आणखी तुटतो. हवेची गादी घ्या, आणि वीज गेली की ती बसते हे लक्षात ठेवा.

दुखतंय हे आजी सांगू शकणार नाही. कपाळाला आठ्या, कूस बदलताना कण्हणं, मुठी आवळणं, धापा, समजूत घातली तरी न शमणं, या खुणा पाहा. आधी शौच साफ झाली का, लघवी तुंबली का हे बघा. अस्वस्थपणाचं कारण बरेचदा तिथेच असतं. मग डॉक्टरांना विचारा. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका. योग्य मात्रेत ते वेदना आणि धाप कमी करतं, मरण ओढवत नाही. त्याने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत रेचक लागतं. २०१४ च्या कायदादुरुस्तीने ते मिळणं सोपं झालं, तरी ते ठरावीक मान्यताप्राप्त संस्थांमध्येच मिळतं. तेव्हा बाबा, सिव्हिलमध्ये आणि आपल्या डॉक्टरांकडे पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, चौकशी याच आठवड्यात करा.

शेवट जवळ आला की हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसेल, श्वास थांबून थांबून येईल, घशात घरघर होईल. ती घरघर आपल्याला असह्य वाटते, तिला बहुधा जाणवत नसते. कुशीवर वळवा, एवढंच. गोदेचं पाणी तोंडात ओतू नका. तुळशीचं पान त्यात बुडवून ओठांना लावा, तेवढं पुरतं. सलाईनही नको, अंगावर सूज येते आणि घरघर वाढते.

१०८ ला फोन करायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. त्या गाडीचं कामच वाचवणं आणि दवाखान्यात नेणं आहे; छाती दाबली की या वयात बरगड्या मोडतात. घरी येऊन तपासणारे डॉक्टर आधीच ठरवा, कारण घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा दाखला, नमुना ४ अ, त्यांनीच द्यायचा असतो. तो नसेल तर अमरधाम स्मशानभूमीपासून अडचण सुरू होते, आणि दवाखान्यात मृतावस्थेत नेलं तर प्रकरण पोस्टमॉर्टेमपर्यंत जाऊ शकतं. महापालिकेत नोंद २१ दिवसांत करायची. आजीचं आधार कार्ड डॉक्टरांच्या फाइलमध्येच ठेवा.

एक तुमच्या दोघांसाठी. शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारं वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) आजीला आता करता येणार नाही, तुम्हाला येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि २०२३ मध्ये सोपं केलं: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि एक प्रत महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. त्यात काय लिहायचं ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.

आई, रात्रपाळीला नर्सिंग ब्युरोतून आजीची काळजी घेणारी मावशी ठेवच. तुझी कंबर गेली तर आजीला कूस बदलायला कुणी उरणार नाही. पैसे मी पाठवतेय, त्यावर बाबांशी वाद घालायचा नाही. काका आणि आत्याला हे पत्र वाचायला द्या. रविवारी सकाळी सगळे जमलात की मला फोन लावा, आत्याच्या शंका मी स्वतः ऐकते.

तुमची,
लेक