काबरीचं पोलकं

२७ मे

प्रिय सुमे,

माईंच्या काबरीच्या वंशातली शेवटची कोंबडी सध्या आमच्या खळ्यात पोलकं घालून फिरते आहे. आधी पोटभर हसून घे, मग पुढचं नीट वाच. इथे कुणाजवळ बोलायला जावं तर म्हणतात, एका कोंबडीचं एवढं काय! तू तसं म्हणणार नाहीस, म्हणून तुला लिहिते.

आमचं सगळं ठीक. ह्यांचा गुडघा तसाच. माझी साखर आटोक्यात आहे.

तर झालं असं. चैत्रात वाडीत मुंगूस शिरलं. काबरीची बहीण गेली, दोन तरण्या कोंबड्या, तलंगा, गेल्या. मग दिवसभर कोंबड्या खुराड्यातच कोंडायच्या असं घरात ठरलं. उकाडा हा असा, जागा तेवढीच, आणि त्यात दिरांनी आणलेल्या वनराजा जातीच्या तलंगा. त्या अंगाने आपल्या गावठीच्या दीडपट. मोकळी कोंबडी उजाडल्यापासून उकिरडा उकरते, पाला उलटा करते, वाळवी शोधते. तिची चोच दिवसभर चालूच असते. कोंडल्यावर ती चोच जायची कुठे? शेजारणीच्या पाठीवर. वयाने काबरी सगळ्यांत मोठी, पण मानाने सगळ्यांत खालची. आधी शेपटीपाशी दोन-चार पिसं गेली, आणि बघता बघता पाठ उघडी पडली. वर कोंबडा चढायचा, त्याच्या नख्यांचे ओरखडे. एकदा रक्त दिसलं की मग बाकीच्या थांबत नाहीत, सुमे. लाल दिसलं की टोच, टोचलं की आणखी लाल.

आमचा धनू फोनवर म्हणाला, कोंबड्यांची ही उतरंड नॉर्वेच्या शेल्डेरूप-एब्बे नावाच्या माणसाने १९२१ साली लिहून ठेवली आहे. मी म्हटलं, अरे, तुझी आजी दाणे टाकताना आधी खालच्या मानाच्या कोंबडीला पडवीत वेगळं घालायची. आठवतं ना तुला? ‘तिच्या वाटणीचं तिला आधी’ म्हणायच्या माई. (तुझ्या पोराला नोकरी लागली, फार बरं वाटलं. पेढे पोचले. मऊ होते.)

जखमेला हळद आणि खोबरेल लावत होते. मग पशुधनच्या डॉक्टरांनी जांभळं औषध दिलं. त्याने जखम सुकते आणि लालही झाकलं जातं. वेगळं ठेवलं तर काबरी खायची सोडते, नुसती जाळीला चोच लावून उभी. आणि फार दिवस वेगळी राहिली की परत घेताना बाकीच्या तिला नवखी समजून पुन्हा झोडपणार. म्हणून ठरवलं, राहू दे त्यांच्यातच, पण पाठ झाकून.

आता कामाचं ऐक. बाहेरून जुन्या जीन्सचं कापड, आतून ह्यांच्या धोतराचं मऊ अस्तर. मानेकडे अरुंद, मागे रुंद, कोपरे गोल. लांबी सात इंच, रुंदी सहा. मुंढा नाहीच. दोन्ही बाजूंना अर्ध्या इंची इलास्टिकचा फास, तो पंखाच्या मुळाशी बसतो आणि पंख मोकळे राहतात. बोट आत जाईल एवढा सैल, नाहीतर काचतं. शेपटीच्या अलीकडे थांबायचं, कारण शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते. कोंबडी चोचीने तिथलं तेल घेऊन पिसांना लावते, तिथे कापड आलं तर बिचारीला आवरता येत नाही. टिचबटण लावलं नाही, चकाकतं म्हणून. दोऱ्याचं एक टोक सुटं ठेवलं नाही, गिळतात. तू म्हणशील इलास्टिक कशाला, नाडी लाव. सुमे, शिवणाच्या क्लासमध्ये या नाडीवरून आपण पंधरा दिवस अबोला धरला होता, पण कोंबडीला नाडी लावली तर ती एका संध्याकाळीत सोडवून खाईल. आणि तुझा तो कागदी नमुनाही इथे चालत नाही. कागद दिसला की काबरी पळते. माप नजरेनेच घ्यावं लागतं, आणि माझी नजर तेव्हाही खरीच होती!

रात्री अंधारात घातलं, म्हणजे सकाळी अंगावर आहे ते आहे. उठल्यावर ती आधी मागे मागेच चालत गेली, पार तुळशीला जाऊन टेकली. मग जोरात अंग झाडलं आणि दाणे टिपायला लागली. जाऊबाईंना हसू आवरेना. तलंगांनी एक-दोनदा चोच मारून बघितली, जीन्सवर काही लागेना, तेव्हा गेल्या आपल्या वाटेने. मी रोज संध्याकाळी काढून आत उवा-पिसवा बघते, कारण कापडाखाली त्यांना आयतं घर मिळतं. राखेत लोळू देते, अस्तर धुते, वाळलं की परत घालते.

खाण्यातही बदल केला. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात आणि आपण नुसत्या कण्या टाकतो, त्यात सात-आठच. पिसं तर जवळजवळ सगळी प्रथिनांचीच. अंडंही द्यायचं आणि पिसंही आणायची, तर आणेल कुठून? आता सुकट पाण्यातून काढून मीठ उतरवते, थोडी शेंगदाण्याची पेंड घालते. परसात जुन्या मासेमारीच्या जाळ्याचं कुंपण केलं, वरूनही जाळं टाकलं. शेवग्याचा पाला उंच बांधते, उड्या मारून खातात. टोचणं बरंच कमी झालं.

आणि सुमे, पिसं येतायत! मुळापासून उपटलेली पिसं परत फुटतात. जिथे मोडून खुंट राहिले आहेत तिथे मात्र पिसं टाकायच्या हंगामापर्यंत थांबावं लागणार. नवे कोंब टाचणीसारखे वर आलेत, आत रक्त असलेले. त्यावर एक टोच बसली तर भळभळ. म्हणजे ऐन आत्ता पोलकं काढता येत नाही.

आणि मिरग आला तोंडावर. हीच माझी काळजी. एकदा आपला पाऊस लागला की कापड चार-चार दिवस वाळत नाही. ओलं अस्तर त्या कोवळ्या कातडीवर राहिलं तर कुजणार, माशी बसणार, अळ्या पडणार. काढावं तर टोचतील, ठेवावं तर कुजेल. रात्री जाग आली की हेच.

त्यात मिरगाची राखण, म्हणजे राखणदाराला कोंबडं द्यायचं. दीर म्हणाले, यंदा ही उघड्या पाठीचीच देऊ, नाहीतरी अंडी कुठे देते. मी ताटावरून उठले. शेवटी ह्यांनी मध्ये पडून सांगितलं, राखणेला कोंबडा द्या. पाच कोंबड्यांत एक कोंबडा तसाही जास्तच. एकाला आठ-दहा लागतात, नाहीतर त्यांच्याच पाठी सोलतात. पण कोंबडा गेला तर काबरीची पिल्लं? डॉक्टर म्हणाले, कोंबडा गेल्यावरही आठवडाभर तरी अंडी भरीव, म्हणजे पिल्लू धरणारी, येतात. म्हणून सुकट वाढवली आहे. काबरीने त्या दिवसांत चार अंडी जरी दिली तरी वनराजाची एक तलंग खुडूक होऊ घातली आहे, तिच्याखाली ठेवीन. एकवीस दिवस, पुढे माईंची काबरी चालू राहील. नाही दिली तर, ते मला आत्ता लिहवत नाही.

तेव्हा तुझ्याकडून हवं ते सांगते. भावोजींच्या दुकानातलं छत्रीचं कापड, अर्धा मीटर. मी वरचा थर त्याचा करणार आणि अस्तर चहूबाजूंनी अर्धा इंच आत ठेवणार, म्हणजे कडेने पाणी ओढणार नाही. अंग झाकून तापू नये म्हणून पाऊस असेल तेव्हाच घालायचं. पण सुईच्या भोकांतून पाणी आत येतंच, त्याचं काय? तू रेनकोट शिवायचीस तेव्हा टिपेवर मेण घासायचीस की आणखी काही? ते सविस्तर लिही, ‘शिव कसंतरी’ असं लिहू नकोस.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नसेल तर पावसाआधी उरकून घे. वहिनींना नमस्कार.

पार्सल एसटीने टाक, मिरगाच्या आत पोचलं पाहिजे. रंग काळा किंवा राखाडी. लाल अजिबात नको.

तुझी,
शकू