शिकाऊ उमेदवाराच्या हाती टेपचे दुसरे टोकही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की ‘शिकता शिकता कमवा’ अशा मजकुराचे फलक लातुरात दिसू लागतात आणि अभियांत्रिकीची फी न झेपणाऱ्या घरांत त्यांची चर्चा सुरू होते. मी गेले चौदा महिने एका बांधकाम कंत्राटदाराच्या कार्यालयात पदवी शिकाऊ उमेदवार आहे. पदवीचा अभ्यास आणि मोजमापाचे काम एकाच वेळी चालू आहे. ही व्यवस्था मला उपयोगाची वाटते आणि ती वाढावी अशीच माझी इच्छा आहे. परंतु तिच्यातली एक उणीव फलक वाचणाऱ्या आईवडिलांना दिसण्यासारखी नाही, आणि ती दूर करायला सरकारी तिजोरीतला एक रुपयाही लागणार नाही, म्हणून हे पत्र.

ज्याला पुस्तकात क्वांटिटी सर्व्हेइंग म्हणतात त्याला आमच्याकडे साइटवर त्या नावाने कोणी ओळखत नाही. आमच्या टेबलाला ‘बिलिंग’ म्हणतात आणि तिथे बसणाऱ्याला बिलिंग इंजिनिअर. गावाकडे तर घोटाळा आणखी मोठा आहे. सर्व्हे हा शब्द ऐकला की औसा तालुक्यातल्या आमच्या गावात भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणीदारच डोळ्यांसमोर येतो. बांधाची मोजणी कधी करून देतेस, असे दोन चुलत्यांनी मला विचारूनही झाले आहे. प्रत्यक्षात आमचे काम असे की नकाशावरून खोदाई, काँक्रीट, सळई, वीटकाम, प्लास्टर यांची परिमाणे काढायची, त्यांना दरसूचीतले दर लावून अंदाजपत्रक तयार करायचे, आणि काम सुरू झाल्यावर जे खरोखर झाले आहे ते मोजून रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्याने बिल करायचे. काय मोजायचे आणि काय सोडायचे याचे नियम भारतीय मानक 1200 च्या निरनिराळ्या भागांत दिलेले आहेत.

यात शिकण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पहिले काही महिने मलाही पडत असे, कारण लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हे शाळेतले गणित आहे. उत्तर मिळाले ते एका वसतिगृहाच्या प्लास्टरच्या बिलात. त्या इमारतीला 1.20 मीटर बाय 1.20 मीटरच्या 80 खिडक्या होत्या, आणि मी प्रत्येक खिडकीचे 1.44 चौरस मीटर भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टरमधून वजा केले. नियम तसा नाही. दोन्ही बाजूंना एकसारखे प्लास्टर असेल, तर 0.5 चौरस मीटरपर्यंतच्या खुल्या जागेसाठी काहीही वजा करायचे नसते; 0.5 ते 3 चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचे वजा होते आणि खिडकीच्या आतल्या कडांचे प्लास्टर वेगळे मोजले जात नाही. 3 चौरस मीटरच्या वर गेले की दोन्ही बाजू वजा करून कडा मोजून मिळवायच्या असतात. माझ्या चुकीने बिलात 115.20 चौरस मीटर प्लास्टर कमी भरले होते.

आमच्या वरिष्ठ बिलिंग इंजिनिअर साहेबांनी ती चूक पकडली, पण रागावले नाहीत. ते मला त्या इमारतीत घेऊन गेले, एका खिडकीशी उभे केले आणि गवंड्याने किती पृष्ठभागांना थापी लावली ते मोज, म्हणाले. नऊ इंची भिंतीत चारही कडा मिळून 4.80 मीटर गुणिले 0.23, म्हणजे जवळपास 1.10 चौरस मीटर होतात. चौकटीखाली गेलेला भाग सोडला तर थोडे कमी. एक बाजू वजा न करण्याची सवलत ही त्या कडांच्या कामाची ढोबळ भरपाई आहे, प्रत्येक खिडकीत शिरून कडा मोजत बसावे लागू नये म्हणून केलेली. इतके दिवस तो नियम मला कंत्राटदारावरची मेहेरबानी वाटत होता. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ज्या इमारतीचे बिल मी तयार केले होते, ती इमारत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

माझी तक्रार नेमकी हीच आहे. टेपला दोन टोके असतात. शून्याचे टोक कोपऱ्याला टेकवून धरणे एवढेच एकाचे काम असते; दुसऱ्या टोकाला उभा राहणारा आकडा वाचतो, वहीत उतरवतो, कुठपासून कुठपर्यंत धरायचे आणि काय वजा करायचे हे ठरवतो. माझ्या ओळखीचे बहुतेक शिकाऊ मुलगे वर्षभर शून्याचे टोक धरून उभे आहेत. मुलींच्या वाट्याला तेही येत नाही. साइटवर सोय नाही, म्हणजे स्वच्छतागृह नाही, असे सांगून आम्हाला कार्यालयात संगणकावर बसवले जाते आणि दुसऱ्याने लिहून आणलेले आकडे आम्ही एक्सेलमध्ये भरत राहतो. (सोय नाही हे कारण सांगताना सोय करता येते, हे कोणाच्या मनात येत नाही, याचे मला अजूनही नवल वाटते.)

मराठवाड्यात तर साइट न पाहता मोजमाप शिकणे अशक्यच म्हणावे लागेल. आपल्या काळ्या जमिनीत पाया नकाशात दाखवलेल्या खोलीवर क्वचितच थांबतो. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी माती ओलांडून कठीण मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते, आणि तो कुठे लागला हे खड्डा उघडा असतानाच मोजावे लागते. मुरमाच्या भरावाचेही तसेच. टिपरमध्ये सैल मोजलेला एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट किंवा 2.83 घनमीटर मुरूम, पाणी मारून आणि रोलर फिरवून दाबला की 2.83 घनमीटर राहत नाही. पुरवठादार पहिला आकडा मागतो, बिलात दुसरा मंजूर होतो, आणि मधला फरक कुठे गेला हे ज्याने भराव होताना पाहिला त्यालाच सांगता येते.

सळईचे काम काँक्रीट पडले की कायमचे झाकले जाते. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा किती अंतरावर आहेत, त्यांचे हूक नीट आत वळवले आहेत का, हे शेवटचे पाहणाऱ्यांत मोजमाप घेणारा असतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात कोसळली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींची घरे होती, आजच्या इमारती वेगळ्या आहेत; तरीही त्या पहाटेच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला रिंगांची संख्या निव्वळ बिलातली ओळ वाटत नाही.

कायद्याची बाजू पाहिली तर पैशांची आणि संख्येची तरतूद बरीच नीट आहे. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा. 1973 च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. 2019 च्या नियमांनी 30 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक केले आणि पदवी शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना 9,000 रुपये ठरवले. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 मध्ये पदवी अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. परंतु उमेदवाराने या काळात नेमके काय करून पाहिले, हे तपासणारी व्यवस्था मला तरी प्रत्यक्षात भेटलेली नाही. माझ्या कॉलेजच्या नोंदवहीत दर महिन्याला ‘कामाचे स्वरूप’ असा एक रकाना भरायचा असतो. मी सलग अकरा महिने त्यात ‘मोजमापास साहाय्य’ एवढेच लिहिले आणि एकदाही कोणी विचारले नाही.

पदवी शिकाऊ उमेदवारी हे नाव ब्रिटनमध्ये 2015 पासून रूढ झाले. तिथे या क्षेत्रातल्या उमेदवाराला पदवीबरोबरच 1868 साली स्थापन झालेल्या सर्व्हेअरांच्या रॉयल इन्स्टिट्यूशनची पात्रता मिळवायची असते. तिच्यात प्रत्येक कौशल्याच्या तीन पायऱ्या आहेत: माहिती असणे, स्वतः करणे, आणि कारणांसह दुसऱ्याला सल्ला देणे. उमेदवाराने कोणत्या कामात काय केले ते लिहून द्यायचे, आणि शेवटी तासाभराच्या मुलाखतीत त्यावर उलटतपासणी होते. तिथल्या मोठ्या कंपन्या त्यासाठी पगारपत्रकाच्या अर्धा टक्का कर भरतात; लातूरच्या कंत्राटदाराकडून तशी अपेक्षा मी करत नाही. दुसरी पायरी मात्र आपल्याला उचलता येईल.

कंत्राटदारांची अडचण खोटी नाही. मोजमाप चुकले तर पैसा जातो, आणि सरकारी कामाची मोजमाप पुस्तिका हा जबाबदारीचा दस्तऐवज आहे; त्यात खाडाखोड चालत नाही, चुकलेली नोंद रेघ मारून, सही करूनच दुरुस्त करावी लागते. त्यात शिकाऊ उमेदवाराने लिहू नये, हे योग्यच. म्हणून माझी सूचना एका वेगळ्या कच्च्या वहीची आहे. प्रत्येक बिलातली एक बाब उमेदवाराने नकाशापासून वजावटीपर्यंत स्वतः, जागेवर जाऊन मोजावी; साहेबांचे आकडे तोपर्यंत पाहू नयेत; नंतर दोन्ही ताडून फरक किती आणि कशामुळे ते लिहावे, आणि कॉलेजने गुण द्यायचे ते त्या कारणांना द्यावेत. उदाहरणार्थ, 12 मिलिमीटर सळईचे वजन व्यासाचा वर्ग भागिले 162 या सूत्राने मीटरला 0.89 किलो येते, आणि जालन्याहून आलेल्या गाडीचे वजनकाट्यावरचे वजन त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही. या जाडीच्या सळईला मानकानेच वजनात पाच टक्के कमी-अधिक सूट दिलेली आहे, हे ठाऊक नसलेला शिकाऊ एकतर स्वतःचे गणित चुकले समजतो, नाहीतर चोरी झाली समजतो.

जाता जाता एवढेच की मार्चअखेरच्या बिलांची घाई आणि कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा दरवर्षी एकाच पंधरवड्यात येतात, आणि त्या काळात रजा मागणाऱ्याला दोन्हीकडे बोलणी खावी लागतात. विद्यापीठांनी वेळापत्रक ठरवताना एकदा कॅलेंडरकडे पाहावे.

कच्च्या वहीचा नमुना मी स्वतः आखून, प्लास्टर आणि सळई या दोन बाबी भरून, तीन महिन्यांपूर्वी कॉलेजकडे दिला आहे. अद्याप उत्तर आलेले नाही. दरम्यान आमच्या साहेबांनी गेल्या महिन्यापासून मला दर शनिवारी साइटवर नेण्यास सुरुवात केली असून, मागच्या शनिवारी शून्याचे टोक त्यांनी धरले होते.

आपली,
एक पदवी शिकाऊ उमेदवार, जि. लातूर