तळमजल्यावरच्या काकांना, गरम पाण्याच्या धारेबद्दल

आदरणीय काका,
सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी आपण आभार मानूच दिले नाहीत. "चहा झाला की, अजून काय" असे म्हणून जिना उतरलात. म्हणून हे पत्र. वरच्या मजल्यांवरच्या इतरांनाही आपल्या कामाचा उपयोग व्हावा, यासाठी ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

आमच्या घरी गॅस नाही. स्वयंपाक इंडक्शनवर आणि आंघोळीचे पाणी १५ लिटरच्या विजेच्या गिझरवर. सातवा मजला शेवटचा असल्यामुळे गच्चीवरची टाकी डोक्यावरच आहे, पण शॉवरच्या तोंडापासून तिची उंची जेमतेम ३ मीटर भरते. थंड पाणी बरे येई. गरम पाणी सोडले की मात्र धार तुटून नुसते थेंब गळत आणि पुण्याच्या थंडीत आईला शेवटी बादलीच घ्यावी लागे. एका प्लंबरने पाच मिनिटांत पाहणी उरकून प्रेशर पंप बसवण्याचा सल्ला दिला, शिवाय गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह "उगाच पाणी अडवतो" म्हणून काढून टाकू, असेही सुचवले. मी होकार देण्याच्या बेतात होतो.

आपण आलात ते २० लिटरची बादली घेऊन, आणि नळाखाली ती ठेवून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभे राहिलात. थंड पाण्याने ती अडीच मिनिटांत भरली, गरम पाण्याला आठ मिनिटे लागली. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार दाब, तेव्हा तुमच्या वाट्याला ०.३ बारच येणार, हे आपण आधीच सांगून टाकलेत. पण दोन्ही पाणी एकाच टाकीतून येत असेल तर एवढा फरक टाकीमुळे पडणार नाही, तो गिझरच्या वाटेतच कुठेतरी आहे, हा आपला पुढचा मुद्दा माझ्या डोक्यात तोवर आलाच नव्हता.

मग आपण मेन स्विच बंद करून, पाणी निवू देऊन, एकेक जोड सोडवलात. गिझरमधून बाहेर पडणारा लवचिक पाइप खिडकीच्या उजेडाकडे धरून मला त्यातून पाहायला सांगितलेत: पलीकडचा उजेड सुईच्या नेढ्याएवढा दिसत होता. पाइप आपटल्यावर खडूच्या कपच्यांसारखे पांढरे क्षार फरशीवर पडले. आमच्याकडे बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. ते तापले की त्यातला चुना असा खाली बसतो, आणि थर्मोस्टॅट ७५ अंशांवर ठेवल्याने तो अधिकच बसत होता. सेफ्टी व्हॉल्व्हमध्येही तेच अडकले होते. तो काढून टाकण्याची गोष्ट निघताच मात्र आपला आवाज चढला. थर्मोस्टॅट बिघडला तर गिझरमधला दाब बाहेर सोडणारा तोच, असे बजावून आपण त्या जागी नवा व्हॉल्व्ह बसवलात. पाइप, व्हॉल्व्ह आणि अर्धवटच उघडणारा अँगल कॉक, एवढे बदलल्यावर तीच बादली गरम पाण्याने ३ मिनिटे २० सेकंदांत भरली.

पंपाचे गणितही आपण कागदावर मांडलेत. १५ लिटर पाणी ६० अंशांचे असेल आणि टाकीतले २० अंशांचे, तर ४० अंशांचे पाणी फार तर ३० लिटर मिळते. पंपाने मिनिटाला ८ लिटर सोडले की चार मिनिटांच्या आत गिझर रिकामा, आणि २००० वॉटचा गिझर ते पुन्हा तापवायला वीसेक मिनिटे घेणार. पंप घ्यायचाच झाला तर तो गच्चीवरून येणाऱ्या, थंड-गरम वेगळे होण्याआधीच्या पाइपवर बसवा आणि गिझरही २५ लिटरचा घ्या, असे आपण म्हणालात. आम्ही त्याऐवजी हौसेने लावलेला ताटाएवढा शॉवर उतरवून साधा हँड शॉवर लावला. इतक्या कमी दाबाला तो थोराड शॉवर पेलतच नव्हता, हे मला दुकानातच कळायला हवे होते.

आई आता शॉवरखाली आंघोळ करते आणि थर्मोस्टॅट ६० वरून हलवू देत नाही. आपला मोठा पान्हा गिझरवरच राहिला आहे. या रविवारी घेऊन येतो, चहा मात्र या खेपेस आपल्याकडे.

आपला नम्र,
सातव्या मजल्यावरचा शेजारी