आक्का, कुंपणाआधी तुम्ही आम्हाला बांध दाखवलात

आक्का,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील. चारचौघांना वाचता येईल असं मी ते मुद्दाम लिहितोय, कारण शेताच्या कुंपणाबद्दल तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते भोर, मुळशी, मावळात डोंगराच्या कडेला शेत असलेल्या कितीतरी जणांच्या कामाचं आहे.

पुण्याहून निघताना भवानी पेठेतून चेनलिंक जाळीचे भाव काढून आणले होते. तो कागद तुम्ही उघडलाही नाहीत. "आडवायचंय कुणाला, ते आधी सांगा," म्हणालात आणि चपला घालून पुढं निघालात. त्या फेरीत आमचं शेत मला पहिल्यांदा नीट दिसलं. पश्चिमेला ओढ्याकडून रानडुकरं येतात, उकरलेली माती आणि चिखलातली लोळण तुम्ही बोटानं दाखवलीत. रस्त्याच्या बाजूला शेळ्या आणि मोकाट गुरं. आंब्याच्या अंगाला वानरं. उरलेल्या बाजूला तुमचीच खाचरं, तिथं बांध पुरेसा. एकाच शेताला चार बाजू, चारही बाजूंचं दुखणं वेगळं, मग सगळीकडं एकच जाळी कशाला, हा तुमचा प्रश्न होता.

डुकराबद्दल तुम्ही जे बोललात ते कुठल्याच दुकानात ऐकायला मिळालं नव्हतं. डुक्कर उडी मारायच्या फंदात पडत नाही, खालून मुसंडी घालतं. जाळीचा तळ जमिनीत गाडला नाही तर नाकाडानं उचलून आत येतं, आणि आपल्या मुरमाड जमिनीत एवढ्या लांबीचा चर खणायचा म्हणजे जाळीइतकाच मजुरीचा खर्च. म्हणून ओढ्याच्या बाजूला सौर झटका मशीन, म्हणजे उन्हावर चालणारं, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र, आणि तीन तारा. सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभर, कारण डुकराच्या राठ केसांवर झटका फारसा लागत नाही, ओल्या नाकाडाला मात्र हमखास लागतो. अर्थिंगच्या सळया ओढ्याजवळ ओलीत ठोकायला लावल्यात, कारण उन्हाळ्यात जमीन वाळली की झटका मंदावतो. तारेखालचं गवत सतत कापायचं, हेही बजावलंत. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जिरतो आणि रात्री त्या जागी टक टक आवाज येतो. तो आवाज ओळखायला तुम्ही आमच्या मुलालाही शिकवलंत.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचेत, आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. घरच्या विजेची तार थेट कुंपणाला जोडली की काम स्वस्तात होतं, असं मला एकानं सुचवलं होतं. ते ऐकून तुमचा आवाज चढला. झटका मशीनमधून सेकंदाला साधारण एक ठोका सुटतो. व्होल्ट हजारांत असतात, पण तो ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो. म्हणून जनावर दचकून मागं सरतं आणि जगतं. घरची २३० व्होल्टची वीज अखंड वाहते, स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. अशा तारांनी राखणीला गेलेली माणसं मेली आहेत, पाणी धरायला गेलेली पोरं मेली आहेत. तो गुन्हा आहे, आणि वन्यप्राणी मेला तर १९७२च्या वन्यजीव कायद्यानं वेगळी कारवाई होते. पण तुम्ही कायद्याचं नावही काढलं नाहीत. "पहाटे बांधावरून कोण जातं? बायाच जातात ना?" एवढंच विचारलंत. हे वाक्य प्रत्येक गावात पोचावं असं मला मनापासून वाटतं.

खर्चाचं गणितही तुमचंच. एक एकर चौकोनी असेल तर घेर ८३५ फुटांच्या आसपास भरतो. आपल्याकडं वाटण्यांनी पट्ट्या झाल्या आहेत. गुंठ्याची बाजू ३३ फूट, त्या मापानं दोन गुंठे रुंद, वीस गुंठे लांब, म्हणजे ६६ बाय ६६० फूट. क्षेत्र तेच एक एकर, घेर मात्र १,४५२ फूट. अशा तीन लागून असलेल्या पट्ट्यांनी वेगवेगळं कुंपण केलं तर ४,३५६ फूट, तिघांनी मिळून बाहेरून केलं तर १,७१६ फूट. हे पटवून द्यायला तुम्ही स्वतः दोन्ही शेजाऱ्यांच्या पडवीत जाऊन बसलात. आमची त्या घरांशी जेमतेम ओळख होती. तुमच्या शब्दावर ती माणसं तयार झाली. आधी भूमि अभिलेखाकडून मोजणी, मग खांब, आणि ओढ्यावर जायची गुरांची वाट मोकळी, ह्या तुमच्या अटींवर कुणी हरकत घेतली नाही. तिघांत एक मशीन आहे, आणि गवत कापायची पाळी लावली आहे.

रस्त्याच्या बाजूला तुम्ही निरगुडीची छाटं दिलीत, शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. मधल्या जागी करवंदं. त्याचं बी ठेवून द्यायचं नसतं, फळ खाल्लं की लगेच पेरायचं, नाहीतर उगवत नाही. ते तुम्ही स्वतः पेरून दिलंत. हे दाट व्हायला दोन-तीन पावसाळे जातील. तोवर तिथं काटेरी तार पुरते, आणि त्या तारेबद्दलही सांगितलंत की गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीचा, आकडा वाढला की तार बारीक होते. १० गेजची सव्वातीन मिलिमीटर, १२ गेजची अडीचच्या किंचित वर. आपल्या पावसात जस्ताचा मुलामा चांगला नसेल तर बारीक तार लवकर गंजते.

वानरांना कुंपण नाही, हेही तुम्ही सरळ सांगितलंत. आंब्याखाली भुईमूग नको, हळद लावा, माझ्या हळदीला त्यांनी कधी हात लावला नाही, म्हणालात. यंदा लावली आहे.

भुईमूग काढायला आम्ही सगळे येतोय. पहिलं पोतं तुमच्या ओट्यावर उतरवणार आहे, नको म्हणू नका. आणि येताना मशीनची नवी बॅटरी आणतो, जुनीचं पाणी एकदा तुमच्या नातवाला बघायला सांगा.

तुमचा,
ओढ्याकडच्या पट्टीतला शेजारी