मधुमेही ज्येष्ठांचा विसर ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के आढळले, गोव्यात २६.४ टक्के. डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या जखमांबद्दल आपण बोलतो. मेंदूचे नाव क्वचित निघते. सत्तरीतले मधुमेही माणूस गोंधळू लागले की घरचे थेट एमआरआय काढून आणतात, अहवालात ‘वयोमानानुसार बदल’ वाचून निश्चिंत होतात आणि फाइल कपाटात जाते.

एमआरआयच्या आधी रक्त तपासावे. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते आणि विसर वाढतो. ते भरून काढता येते. थायरॉइड, सोडियम, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही त्याच वेळी पाहावे. सर्वांत जास्त नजरेतून सुटते ती उतरलेली साखर. सोमवारचा उपास असतो, पण साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी रोजच्यासारखी घेतली जाते. उतारवयात घाम, थरथर होईलच असे नाही. माणूस नुसते असंबद्ध बोलते, चिडते. लगेच ग्लुकोमीटरवर पाहावे. ७० च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा.

मधुमेह आणि बीपीने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तेव्हा बहुधा आठवणी आधी जात नाहीत. कामाचा वेग आणि क्रम बिघडतो. लहानपणीची जत्रा बारकाव्यांसह आठवते, पण पासबुकाचा हिशेब लागत नाही, इन्सुलिन घेतले की नाही ते कळत नाही आणि दुसरा डोस टोचला जातो. ‘सगळे आठवते हो त्यांना’ असे म्हणणारे घर इथेच फसते. म्हणून स्मरण, लक्ष आणि विचारशक्ती तपासणारी मोकासारखी ३० गुणांची चाचणी आधी व्हावी. तिला दहा-पंधरा मिनिटे लागतात. चष्मा, श्रवणयंत्र लावून, कोकणी असो वा मराठी, माणसाच्या रोजच्या भाषेत ती घ्यावी. शाळा कमी झालेल्यांचे गुण त्या हिशेबानेच वाचावे लागतात.

मग एमआरआय. फॉर्मवर नुसते ‘विसरभोळेपणा’ लिहून भागत नाही. मधुमेह किती वर्षांचा, चाल बदलली का, लघवीवरचा ताबा, चाचणीचे गुण हे सारे लिहावे आणि अहवालात तीन गोष्टी मागाव्यात: फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्रांत खराब झालेल्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे दिसणाऱ्या पांढऱ्या डागांची फॅझेकास श्रेणी (० ते ३), हिप्पोकॅम्पस हा आठवणी साठवणारा मेंदूचा भाग किती आकसला (० ते ४), आणि एसडब्ल्यूआय या रक्ताच्या खुणा दाखवणाऱ्या चित्रांत सूक्ष्म रक्तस्राव आहेत का. साठीनंतर सुटे ठिपके सर्रास दिसतात. ते एकमेकांत मिसळू लागले की श्रेणी २, मोठे सलग पट्टे झाले की ३. त्यांना वयोमान म्हणून सोडणे चूक आहे. या तपासणीला सहसा कॉन्ट्रास्टचे (शिरेतून द्यायच्या औषधाचे) इंजेक्शन लागत नाही, त्यामुळे इन्सुलिनवरच्या रुग्णाला सकाळपासून उपाशी ठेवण्याचे कारण नसते. दंडावरचा ग्लुकोज सेन्सर काढायचा का, हे आधी विचारावे. पेसमेकर असल्यास नंबर लावतानाच सांगावे.

डाग दिसले म्हणून साखर एकदम खाली खेचू नये, हे विशेष कळकळीने सांगतो. अ‍ॅकॉर्ड-माइंड अभ्यासात ४० महिने कडक नियंत्रण ठेवलेल्यांचा मेंदू किंचित कमी आकसला, पण बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. विसर जडलेल्या ज्येष्ठांना एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८ टक्क्यांच्या आत पुरते. बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू, झोपेतले घोरणे आणि रोजचे चालणे यांकडे लक्ष द्यावे.

अमेरिकन डायबिटीस असोसिएशन ६५ वर्षांवरील मधुमेहींची स्मरण आणि विचारशक्तीची अशी चाचणी दरवर्षी करण्यास सांगते. आरोग्य खात्याने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या परिचारिकांना ती शिकवावी आणि मधुमेहाच्या कार्डावर बीपी-साखरेशेजारी तिच्या गुणांचा रकाना छापावा, ही विनंती.

– एक फिजिशियन, फोंडा