बॉम्बर पायलटला ‘लढाऊ वैमानिक’ लिहून मोकळं होऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत दोनदा महावीर चक्र मिळवलेल्या सहा जणांवर एक चौकट आली होती. विषय छान निवडलात, आमच्या घरी ती कापून ठेवलीये. जनरल अरुणकुमार वैद्यांवर चांगला मोठा परिच्छेद होता आणि तो हवाच होता, १९६५ ला असल उत्तरला डेक्कन हॉर्सचे रणगाडे घेऊन ते उभे राहिले, १९७१ ला बसंतरच्या लढाईत ब्रिगेड लढवली आणि शेवटी १० ऑगस्ट १९८६ ला आपल्या पुण्यातच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, हे सगळं नीट आलंय. पण त्याच चौकटीत खाली विंग कमांडर पद्मनाभ गौतम यांच्यावर जेमतेम दीड ओळ आहे आणि त्या दीड ओळीत त्यांना ‘लढाऊ वैमानिक’ म्हटलंय, पुढे नुसतं ‘महावीर चक्र व बार, वायुसेना पदक’ आणि विषय संपला. मला ते वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून हे पत्र लिहितेय, लांबलंय थोडं, पण शक्य असेल तर काटछाट न करता छापा.

गौतम बॉम्बर पायलट होते. त्यांची दोन्ही महावीर चक्रं बॉम्बर उडवताना मिळालेली आहेत. आपल्याकडे वैमानिक म्हटलं की डोळ्यासमोर फायटर येतं, दोन विमानं एकमेकांच्या मागे लागलीयेत, एक पाडलं, दोन पाडली, मोजता येतं, बातमीत बसतं. बॉम्बरवाल्याचं काही मोजता येत नाही. तो रात्री जातो, टार्गेट गाठेपर्यंत आपलं कुणी आजूबाजूला नसतं, बॉम्ब टाकतो आणि परत येतो, सकाळी लोक उठतात तेव्हा तो झोपलेला असतो. म्हणून त्याची गोष्ट कुणी सांगत नाही आणि दीड ओळीवर भागतं.

माझे वडील एअर फोर्समध्ये आर्मरर होते, म्हणजे विमानाला बॉम्ब लावणारे. आग्र्याला आणि नंतर पुण्यात लोहगावला त्यांची बरीच वर्षं कॅनबेरा या बॉम्बर विमानावर गेली. गौतमसरांच्या हाताखाली त्यांनी काम केलेलं नाही, हे आधीच सांगते, पण विमान तेच आणि काम तेच. कॅनबेराचं इंजिन काडतूस लावून सुरू करायचे, मोठा आवाज होऊन काळा धूर यायचा आणि तो वास युनिफॉर्मला चिकटायचा, आई ते कपडे वेगळे भिजवायची. आणि बॉम्बच्या सेफ्टी पिना. प्रत्येक पिनेला लाल पट्टी लावलेली असते, विमान निघायच्या आधी आर्मररने पिना काढून हातात धरून पायलटला दाखवायच्या, त्याने मोजायच्या, मग विमान हलणार. वडील सांगायचे की रात्रीच्या वेळी टॉर्चच्या उजेडात त्या पिना वर धरल्या की कॉकपिटमधून फक्त एक अंगठा दिसायचा, चेहरा दिसायचा नाही. विमान गेल्यावर पिना खिशात ठेवून ते धावपट्टीच्या कडेला बसून राहायचे, दोन तास, तीन तास, परत येणारं इंजिन कानाने ओळखायचे.

आता कॅनबेराबद्दल थोडं सांगते कारण त्याशिवाय गौतम यांनी काय केलं ते कळणार नाही. हे ब्रिटिशांचं पहिलं जेट बॉम्बर, १९४९ ला पहिल्यांदा उडालं, आपण १९५७ ला ऑर्डर दिली आणि शेवटचं कॅनबेरा आपल्या वायुसेनेतून निवृत्त झालं मे २००७ मध्ये, म्हणजे पन्नासेक वर्षं ते वापरलं. आपल्या बॉम्बर कॅनबेरात दोनच माणसं. पायलट वर, डावीकडे सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली, आणि नॅव्हिगेटर खाली पुढे नाकाच्या पोकळीत, टेबलावर नकाशा घेऊन, आणि बॉम्ब टाकायची वेळ आली की पोटावर पालथा पडून नेम धरायचा. मागून फायटर आलं तर उत्तर द्यायला मागे बंदूक नाही. पायलटला इजेक्शन सीट आहे, म्हणजे सीटसकट बाहेर फेकलं जायची सोय. नॅव्हिगेटरला नाहीये. त्याने दार उघडून उडी मारायची, आणि जमिनीपासून पाचशे फुटांवर दार उघडून उडी मारायला वेळ कुठून मिळणार? २१ सप्टेंबर १९६५ च्या रात्री पाकिस्तानच्या एफ-१०४ लढाऊ विमानाने आपलं एक कॅनबेरा पाडलं तेव्हा हेच झालं, पायलट सीटसकट बाहेर पडला आणि युद्धकैदी झाला, नॅव्हिगेटर गेला. प्रत्येक कॅनबेरा पायलटला हे माहीत होतं की वेळ आली तर मी वाचेन, खालचा नाही. ती जाणीव घेऊन तो पुढच्या रात्री परत त्याच्याबरोबर विमानात बसायचा. मला या एका गोष्टीचं अजूनही फार वाटतं.

आणि समोर कोण होतं तर पाकिस्तानचं बी-५७, जे मुळात अमेरिकेत बनवलेलं कॅनबेराच. म्हणजे दोन्ही बाजूंनी रात्री एकच विमान उडत होतं, एक इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे.

१९६५ ला गौतम जेट बॉम्बर कन्व्हर्जन युनिटचे कमांडिंग ऑफिसर होते. हे खरं तर शिकवायचं युनिट, नवीन पायलटला कॅनबेरावर तयार करायचं हे त्याचं काम. युद्ध लागलं तेव्हा शिकवणारेच बॉम्ब घेऊन गेले, आणि कमांडिंग ऑफिसर टेबलामागे बसून राहिले नाहीत, मोहिमा घेऊन स्वतः पुढे गेले. त्यासाठी पहिलं महावीर चक्र. त्याच युद्धात विंग कमांडर प्रेमपाल सिंग यांनाही कॅनबेरावरच महावीर चक्र मिळालं, पाकिस्तानातल्या सरगोधासारख्या विमानतळांची टेहळणी आणि पेशावरवर पाथफाइंडर म्हणून, म्हणजे सगळ्यात आधी जाऊन अंधारात टार्गेटवर उजेड पाडायचा म्हणजे मागच्यांना दिसेल, आणि खालच्या तोफा जाग्या व्हायच्या त्या अर्थातच पहिल्यावर. यांचंही नाव किती लोकांना माहितीये सांगा.

आता १९७१. गौतम तेव्हा एका बॉम्बर स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर. ५ आणि ७ डिसेंबरच्या रात्री त्यांनी पाकिस्तानातल्या मियाँवाली विमानतळावर हल्ले केले. मार्गशीर्षातली पौर्णिमा होऊन तीन ते पाचच दिवस झालेले, म्हणजे चंद्र थोडा उशिरा उगवणार पण उजेड भरपूर. चांदण्यात धावपट्टी वैमानिकाला दिसते हे खरं, पण खालच्या तोफेवाल्याला विमानही दिसतं की! आणि उंची किती तर पाचशे फूट. आपल्या शहरातल्या उंच टॉवरच्या गच्चीवर उभं राहून खाली बघा, साधारण तेवढंच. तिथून टाकलेला बॉम्ब खाली पोचायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागतात, पण तो सुद्धा विमानाच्याच वेगाने पुढे जात असतो, म्हणजे जमिनीला लागतो तेव्हा विमान जवळपास त्याच्या डोक्यावरच असतं. म्हणून एवढ्या खालून टाकताना उशिरा फुटणारा फ्यूज लावतात, नाहीतर स्वतःच्याच बॉम्बने विमान जाईल. ते फ्यूज लावणं हे माझ्या वडिलांसारख्या माणसांचं काम होतं आणि ते म्हणायचे की त्या वेळी हात थरथरून चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या चौकटीत यायलाच हवं होतं. मियाँवालीच्या एका फेरीत विमानविरोधी तोफांचा जोरदार मारा चालू असताना त्यांनी एक नाही, दोन हल्ले केले. म्हणजे पहिल्यांदा गेले, बॉम्ब टाकले, पार झाले, आणि मग वळून परत त्याच धावपट्टीवर आले. पहिल्या वेळेला खालचे लोक निदान गाफील असण्याची शक्यता असते, तुम्ही कुठून येणार ते त्यांना माहीत नसतं. दुसऱ्या वेळेला सगळं माहीत असतं. तोफा जाग्या असतात, दिशा कळलेली असते, उंची कळलेली असते, आणि तुम्हाला बॉम्ब नीट पडायचा असेल तर शेवटचे काही सेकंद सरळ, स्थिर, अजिबात न हलता उडावं लागतं, इकडेतिकडे चुकवलं तर नेम गेला. नाकात पालथा पडलेला नॅव्हिगेटर डावीकडे, थोडं डावीकडे, बस, असं सांगत असतो आणि तोफेचे गोळे त्याला तुमच्या आधी दिसत असतात, कारण तो पुढे आहे. तिथून निघून जायला कुणी नाही म्हटलं नसतं. एक फेरी झाली, काम झालं असं लिहून देता आलं असतं. ते वळले. माझ्या मते गौतम यांच्या सगळ्या करिअरचा अर्थ त्या वळण्यात आहे. पुढे माँटगोमेरी म्हणजे आताचं साहिवाल ते रायविंड या रेल्वेमार्गावरच्या यार्डांवरही त्यांनी असेच खालून हल्ले केले, जिथून आघाडीवर माल जातो ती जागा.

‘बार’ या शब्दाबद्दल. तुमच्याकडे तो तसाच छापलाय आणि पुष्कळ वाचकांना त्याचा अर्थ लागला नसणार, माझ्या शेजारच्या काकूंनी मला फोन करून विचारलं की हे वेगळं पदक आहे का. नाही. तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं की दुसरं गोल पदक देत नाहीत, पहिल्याच्या रिबिनीवर एक आडवी पट्टी चढवतात, ती बार. महावीर चक्र चांदीचं, गोल, त्यावर पाच टोकांचा तारा आणि मधे सोनेरी राजमुद्रा, रिबीन अर्धी पांढरी अर्धी केशरी. रोजच्या युनिफॉर्मवर नुसती रिबीन लावतात तेव्हा बारच्या जागी त्यावर छोटंसं चक्र असतं, इतकं छोटं की फोटोत दिसत पण नाही. हे पदक युद्धकाळातलं परमवीर चक्राच्या खालोखालचं. म्हणून मराठीत सरळ ‘महावीर चक्र, दोनदा’ लिहा ना, काय हरकत आहे?

वायुसेनेत हे दोनदा मिळवणारे दोघेच, आणि योगायोग म्हणा काही म्हणा, दोघेही कॅनबेराचेच. दुसरे विंग कमांडर जगमोहन नाथ, १०६ स्क्वाड्रनचे, ते बॉम्ब नाही तर कॅमेरे घेऊन जायचे, चीनच्या बाजूला आणि नंतर पाकिस्तानवर, हत्याराशिवाय. त्यांनाही तुम्ही दीड ओळच दिलीये आणि त्यातही लढाऊ वैमानिकच लिहिलंय.

गौतम २५ नोव्हेंबर १९७२ ला गेले, मिग-२१ च्या अपघातात, इथेच पुण्याजवळ. दोन युद्धांत रात्री-बेरात्री जुन्या कॅनबेरातून परत आलेला माणूस, चाळिशीही गाठलेली नव्हती, युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं आणि शांततेच्या काळात गेला. वैद्य पुण्यात गेले हे सगळ्या पुण्याला माहितीये. गौतमही इथेच गेले हे मी किती जणांना विचारलं, लोहगावला विमान पकडायला वर्षानुवर्षं जाणाऱ्यांना सुद्धा माहीत नव्हतं. त्यांना दोष नाही देत, त्यांना सांगितलंय कुणी?

तर दोन गोष्टी मागतेय. एक म्हणजे दुरुस्ती छापा, दोघांसाठी, नुसतं ‘चूकभूल’ मधे एक ओळ नको, कॅनबेराचा फोटो टाकून छापा आणि मियाँवालीची हकीकत मराठीत द्या, मानपत्राचा मजकूर सरकारी असला तरी दोन परिच्छेदांचाच असतो, एखादा वार्ताहर अर्ध्या तासात भाषांतर करेल. दुसरं, कॅनबेराचे नॅव्हिगेटर. १९७१ ला जे पंचविशीत होते ते आता ऐंशीच्या आसपास आहेत आणि एअर फोर्समधून निवृत्त होऊन पुण्यात राहिलेले लोक पुष्कळ आहेत, त्यात यांच्यातले कुणी ना कुणी सापडतीलच. पायलटच्या नावाला पदक लागलं की बातमीत खाली पालथा पडलेला माणूस राहून जातो. वार्ताहर पाठवा, त्यांना बोलतं करा, आणि जमलं तर एखाद्या आर्मररलाही शोधा. माझे वडील सहा वर्षांपूर्वी गेले, मी त्यांना कधी नीट बसून विचारलं नाही, मला पिना आणि धूर एवढंच माहितीये.

आपली,
एक नियमित वाचक
(वायुसेनेतल्या आर्मररची मुलगी), पुणे