पेठ नाक्याजवळच्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी मिरजेला पोचायची घाई होती, तुमच्याशी धड दोन शब्द बोलता आलं नाही. तुमच्याकडं रोज कितीतरी गाड्या येतात, म्हणून ओळख सांगतो. मणक्याचं ऑपरेशन झालेली माझी आई मागं उशी घेऊन बसली होती, आणि गाडी ऐंशीच्या पुढं गेली की थरथरत होती. ते आम्ही.

तुमच्याकडं येण्याआधी ही गाडी एका मोठ्या, काचेच्या वर्कशॉपमध्ये दाखवून झाली होती. त्यांनी व्हील बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, इंजिनाचं माउंटिंगही बदललं. थरथर तशीच. मग म्हणाले, हायवेचं सहापदरी काम चाललंय, रस्ताच तसा आहे. आई म्हणाली, "रस्ता चांगला असला तरी थरथरतंय." त्यावर एक जण माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, वयामुळं तसं वाटतं. ते हसणं मी विसरलेलो नाही. बिल मात्र पूर्ण घेतलं.

तुम्ही बॉनेट उघडलं नाही. आधी विचारलंत, ब्रेक दाबल्यावर हादरते का? नाही. मग डिस्क नाही. ॲक्सिलरेटर दाबला की वाढते आणि सोडला की थांबते का? तसंही नाही. मग ड्राइव्ह शाफ्टही नाही. स्टिअरिंग हातात थरथरतं का? फारसं नाही. हे ऐकून तुम्ही हात पुसलेत, मागचं दार उघडलंत आणि मला म्हणालात, "गाडी तुम्ही चालवा. मी मावशींच्या शेजारी बसतो."

मामा, हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. तोवर तपासणाऱ्या प्रत्येकानं पुढं बसूनच गाडी पळवून पाहिली होती. दुखत होतं मागं, आणि मागं बसून बघावं असं कुणालाच वाटलं नाही. तुम्ही बसलात, आणि आईला विचारलंत, "मावशी, नेमकं कुठं लागतंय?" ती म्हणाली, "पायाखाली न्हाई, बैठकीखाली. डाव्या अंगाला." तुम्ही लगेच म्हणालात, "मावशींनी काम सोपं केलं."

आईचा चेहरा मला आरशात दिसत होता. ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर, नर्स, नातेवाईक, सगळे तिच्याबद्दल माझ्याशीच बोलतात. तिचं सांगणं खरं धरून कुणीतरी कामाला लागलं, असं फार दिवसांनी झालं होतं.

मागचं डावं चाक जॅकवर उचलून तुम्ही हातानं फिरवलंत, तेव्हा मलाही दिसलं. टायरजवळ धरलेल्या स्क्रूड्रायव्हरला चाकाचा एक भाग घासत होता, बाकी सगळीकडं फट राहत होती. आतला तारांचा पट्टा सुटून तिथं उंचवटा आला होता. बॅलन्सिंगच्या मशीनवर हेच चाक शून्य दाखवत होतं. मशीन वजन बघतं, गोलाई बघत नाही, हे तुम्ही मला सरळ शब्दांत सांगितलंत. टायरवरचे शेवटचे चार आकडे दाखवलेत, २३१७, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडी घेताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. असा टायर वेगात फुटू शकतो, हे तुम्ही मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलंत, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. तेही माझ्या लक्षात आहे.

स्टेपनी लावून तुम्ही परत एक चक्कर मारायला लावलीत, पुन्हा मागंच बसून. थरथर गेली होती. तुमच्या दुकानात टायर होते, पण आमच्या मापाचा नव्हता. दुसरा जवळपास बसतो म्हणून तो तुम्ही गळ्यात मारला नाहीत. स्टेपनीवर बेतानं जा आणि मिरजेत नवीन घ्या, असं सांगितलंत. मोठ्या पाट्या लावलेल्या ठिकाणी मला हा सरळपणा मिळाला नव्हता.

मागचे दोन्ही टायर आता नवीन घातलेत. आई मिरजेहून येताना इस्लामपूरपर्यंत झोपली होती. पुढच्या तपासणीला जाताना ती साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन तुमच्याकडं उतरणार आहे. तेव्हा पुढचे दोन टायरही एकदा बघून द्या, आणि मजुरी मागच्यासारखी पंक्चरएवढी नको, पूर्ण घ्या.

आपला,
आईला घेऊन आलेला साताऱ्याचा मुलगा